कप्पीचं वजन

संगणकाने विचारलं, कप्पीचं वजन किती? बेलेमा हॉर्सफॉलने सवयीने पुढे जायचं बटण दाबलं. रेषा निघाली नाही. पुन्हा तोच चौकोन, तोच प्रश्न. नव्या प्रोग्रॅमची ही खोड सगळ्या ऑफिसला ठाऊक होती. नाक्यावरच्या पोलिसासारखा तो एक कागद कमी असला तरी गाडी पुढे सोडत नसे. तिने जुनी फाइल उघडली, अकरा वर्षांपूर्वीची, तिच्या पहिल्या तेलविहिरीची, आणि तो आकडा शोधू लागली. घाई होती. शनिवार होता, ट्रान्स-अमादीतला फ्रेमवाला बाराला दुकान बंद करायचा आणि तीन वाजता बोरोकिरीला रिगवरचे ड्रिलर ओपुबोकाका यांच्या निवृत्तीचा समारंभ होता. फ्रेमीत घालायचा कागद हाच: त्या दोघांच्या पहिल्या विहिरीचा आलेख, रेषा तिच्या आणि ठिपके काकांचे. जुन्या फाइलीत कप्पीच्या वजनाचा रकाना होता, पण रिकामा. तिने सूत्रात पाहिलं. तिथेही तो आकडा नव्हता. तेवीस वर्षांच्या बेलेमाने पंचेचाळीस हजार पौंडांची कप्पी हिशेबात धरलीच नव्हती. तिला आधी हसूच आलं. काकांना आज सगळ्यांदेखत सांगू, मनाशी म्हणाली, केवढी हसतील माणसं. मग तिची नजर ठिपक्यांवर गेली आणि ते हसू ओठांवरच राहिलं.

ठिपके रेषेवर होते. बासष्टच्या बासष्ट. विहीर आधी सरळ खाली जाते, मग कलते, आणि मैलभर आडवी सरकत खाडीखालून कुणाच्या तरी गावाखाली पोचते. आत सोडलेली नळी त्या कलत्या भोकाच्या तळाशी घासत असते. वर ओढली की हुकाचा काटा जास्त वजन दाखवतो, खाली सोडली की कमी, आणि या दोहोंमधलं अंतर म्हणजे घर्षण. बेलेमाचं काम एवढंच, की विहीर खणायच्या आधीच ते घर्षण किती होईल ते सांगायचं. कमी घर्षणाची एक रेषा, मधली एक, जास्तीची एक. वर एकत्र निघून खाली फाकलेल्या केरसुणीसारखा तो आलेख दिसतो. रिगवर ड्रिलरने दर नव्वद फुटांवर थांबून नळी जरा वर, जरा खाली करायची, काटा बघायचा आणि ठिपका द्यायचा. ठिपके ज्या रेषेवर बसतील तो खरा घर्षणाचा आकडा. पण काटा काही नुसती नळी तोलत नाही. हुकाच्या वर जे जे लोंबकळतं ते सगळं तोलतो, हुक ज्या कप्पीला अडकवलेला असतो तिच्यासकट. म्हणजे खरा काटा तिच्या रेषांहून पंचेचाळीस हजाराने वर असायला हवा होता, पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत. तो तसा नव्हता. काकांचे ठिपके तिच्या चुकीवर, तिच्या चुकीइतकेच खाली, नेमके बसले होते.

तिने काकांची बाजू घ्यायला सुरुवात केली. ते तिला जड गेलं नाही, अकरा वर्षांची सवय होती. त्या जुन्या बार्जवर, खाडीत तरंगणाऱ्या रिगवर, यंत्रात काही नोंदलं जात नसे. भिंतीवरच्या घड्याळाएवढा एक काटा आणि त्याच्यासमोर ड्रिलर, एवढाच कारभार. कुणीतरी रिकामी कप्पी टांगलेली असताना काटा शून्यावर आणून ठेवला असेल. होतं असं. मग कप्पीचं वजन दिसणारच नाही आणि ठिपके बरोबर ठरतील. तिचा जीव भांड्यात पडला. खिडकीतून बाहेर पाहिलं तर पोर्ट हारकोर्टची काजळी तावदानावर नेहमीसारखी बसलेली होती. सकाळीच पुसलेली खिडकी, तरी बोट फिरवलं तर काळं होणार. तिने दुसऱ्या विहिरीची फाइल उघडली. बार्ज तोच, काटा तोच, मध्ये फक्त नऊ दिवस गेलेले. त्या विहिरीला ऑफिसने नवा तक्ता दिला होता आणि त्यात कप्पीचं वजन आपोआप मिळवलेलं होतं. तिच्या रेषा पंचेचाळीस हजाराने वर चढल्या होत्या. आणि काकांचे ठिपकेही चढले होते. मुकाट्याने, रेषेच्या मागे मागे. एकच काटा नऊ दिवसांत दोन्ही गोष्टी दाखवू शकत नाही. ठिपके काट्यावरून आलेले नव्हतेच. ते तिच्याच कागदावरून उचलून तिच्याच कागदावर ठेवलेले होते.

सगळ्यात वाईट गोष्ट तिला जरा उशिरा दिसली. ठिपके रेषेवर होते पण अगदी रेषेवर नव्हते. इथे दोन हजाराने वर, तिथे तीनने खाली, एका ठिकाणी एकदम सातने वर, मग हळूच परत. खऱ्या मोजणीत हात हलतो, पाणी हलतं, काटा थरथरतो, तसंच. कुणीतरी बसून, वेळ देऊन, प्रेमाने ही थरथर बनवली होती. नुसती नक्कल केली असती तर तिने ती माणसाची चूक म्हणून सोडून दिली असती. पण तो सातचा ठिपका! त्या ठिपक्यावर तिने प्रशिक्षणाच्या वर्गात वर्षानुवर्षं पंधरा पंधरा मिनिटं घेतली होती. इथे बघा, म्हणायची, इथे खडकाचा चुरा साठला असणार, ड्रिलरने तो वेळेत धुवून काढला, म्हणून पुढचे ठिपके परत जागेवर आले. याला म्हणतात हात. मुलं लिहून घ्यायची. तिला आता त्या वर्गात उभं राहिल्यासारखी लाज वाटली.

आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं. काकांच्या खिशात तेलकट पुठ्ठ्याची एक नोंदवही असे. ती बघू दे म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. खाडीतल्या कालाबारी लोकांच्या घरात वाढलेली मुलगी बापाच्या वयाच्या माणसाला पुरावा दाखव म्हणत नाही. बाप तिला आठवतही नव्हता. आई बुगुमा गावी दारात बसून हिंदुस्थानातून आलेल्या चौकटीच्या कापडातले धागे पात्याने कापायची आणि एकेक ओढून काढायची, सणाच्या नेसणाचं नक्षीकाम. त्यावर बेलेमा शिकली. पहिल्यांदा बार्जवर चढली तेव्हा ती एकटी बाई होती आणि तिथल्या जेवणाच्या टेबलावर तिच्यासाठी कुणी सरकलं नव्हतं. ओपुबोकाका सरकले होते. कुणाची गं तू, त्यांनी आपल्या बोलीत विचारलं होतं, आणि आईचं नाव ऐकल्यावर, अरे, ती धाग्यांची बाई, तिच्या हातचं नेसण नेसून माझी बायको सासरी आली, असं म्हणून आपल्या ताटातला मासा तिच्या ताटात टाकला होता. त्या माशावर तिने अकरा वर्षं विश्वास ठेवला होता. हे आता मनात आलं तेव्हा तिला स्वतःचा राग आला आणि माशाचाही आला.

पण नुसत्या रागावर भागणार नव्हतं, कारण परवा सोमवार होता. शून्य पॉइंट चोवीस. तेव्हा तिने अंदाजाने धरलेला घर्षणाचा आकडा काकांच्या ठिपक्यांनी खरा ठरवला होता. मग दुसऱ्या विहिरीने, तिसऱ्या विहिरीने, आणि होता होता खाडीतल्या सगळ्या रिग त्याला बेलेमाचा आकडा म्हणू लागल्या होत्या. सोमवारी सकाळी, आजवरच्या सगळ्यांत आडव्या विहिरीत, अकरा हजार फूट पोलादी केसिंग, विहिरीच्या भिंतीला आधार देणारी जाड नळी, उतरायचं होतं. चोवीसच्या हिशेबाने ते स्वतःच्या वजनाने घसरत तळाला पोचतं. घर्षण पस्तीस असेल तर अर्ध्यात अडकून बसतं. मग ना खाली जात ना वर येत, आणि सव्वीस माणसं रिगच्या मनोऱ्याखाली उभी राहून ते उपटत राहतात, मनोरा कोसळेपर्यंत. गुरुवारी तिने त्या हिशेबावर सही केली होती. काका आज निवृत्त होत होते; सोमवारी नळी सोडायच्या ब्रेकवर नवा माणूस, तिच्याच वर्गातला, कागदावरचं अक्षर न् अक्षर पाळणारा.

फ्रेमवाल्याकडे ती गेलीच नाही. गाडीत बसली आणि बोरोकिरीचा रस्ता धरला. गर्दी होती, पुलाजवळ केळी नि मासे भाजणाऱ्या बायकांच्या शेगड्यांचा धूर काचेवर येत होता. एरवी ती थांबली असती. काका म्हणायचे, बोले, म्हणजे ही भाजकी केळी नि मासे, खाल्ल्याशिवाय पुलावरून जाणारा माणूस आपल्या गावचा नव्हे. काय काय म्हणायचे काका! आता त्यातलं प्रत्येक वाक्य तिला उलटून बघावंसं वाटत होतं. पाचव्या विहिरीच्या वेळी तिला ताप आला होता, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, तू झोप, तुझ्या रेषा मी सांभाळतो. सांभाळतो! तेव्हा तिला रडू आलं होतं कृतज्ञतेने. आताही येत होतं, पण आता त्याला काय म्हणावं ते तिला कळेना.

आवारात मांडव उभे होते, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, आणि प्रत्येक पाहुण्याला द्यायच्या वाडग्यांचा ढीग. वाडग्यावर काकांचा फोटो. आतल्या खोलीत काका दोन्ही हात पसरून उभे होते आणि काकू, त्यांची बायको इबिनाबो, त्यांच्या लांब वोको सदऱ्याला सोन्याच्या साखळीची बटणं लावत होती.

"आली बघा तुमची लेक," काकू म्हणाली. "बेले, अगं ऑफिसच्या कपड्यांत? तुझं कापड शिवून ठेवलंय मी, आमच्या सगळ्यांसारखं. जा, नेसून ये."

"काकू, नेसते. आधी काकांना एक विचारायचंय."

"विचार की," काका म्हणाले. "आज मागशील ते मिळेल. फक्त ही टोपी मागू नकोस, ती डोक्यात बसायलाच तासभर लागलाय."

"पहिल्या विहिरीत मी कप्पीचं वजन धरायला विसरले होते."

काका मोठ्याने हसले. "आत्ता कळलं तुला? अकरा वर्षांनी?"

तिला वाटलं होतं ते नाकारतील. त्यासाठी तिने गाडीत वाक्यं जुळवली होती. ती सगळी वाया गेली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"अगं, काट्यात नि तुझ्या कागदात पंचेचाळीसचा फरक! आंधळ्यालाही दिसला असता. तो गोरा साहेब तुला बुधवारच्या बोटीने परत पाठवायला टपलेला. ही पोरगी आम्हाला शिकवणार का नळी कुठे घासते ते, असं म्हणाला होता माझ्यासमोर. म्हटलं, आपल्या पाण्यातली पोर आहे, हिला रडवत घरी धाडू? दिले ठिपके तुझ्या रेषेवर. साहेबाचं तोंड बंद."

"मला सांगायचं होतं."

"तुला सांगितलं असतं तर तू साहेबाला जाऊन सांगितलं असतंस. तुझा स्वभाव मला पहिल्या दिवशी कळला होता."

"बरं. ती पहिली. दुसरी विहीर? सातवी? गेल्या वर्षीची?"

काकूच्या बोटांतलं बटण निसटलं. ते उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. "एकदा बसलेले ठिपके मग हलवायचे कसे, तूच सांग," काका म्हणाले. "आणि दर नव्वद फुटांवर थांबा, वर करा, खाली करा, बघा, लिहा. अख्खी पाळी त्यातच जाते. वरून ऑफिस ओरडतं, लवकर, लवकर. कुणी करत नाही ते, बेले. शिफ्ट संपली की चहा घेऊन बसायचं आणि ठिपके द्यायचे. मी निदान नीट द्यायचो. बाकीचे तर पट्टी लावून मारतात."

"खरं घर्षण किती होतं?"

"आकड्यात? मला काय ठाऊक! जड जायची नळी. कधी कधी फार जड. मग जरा फिरवायची, जरा थांबायचं, विहिरीतला चिखल पातळ करून घ्यायचा, परत सोडायची. हाताला कळतं. उतरायची की शेवटी. एक तरी अडकली का माझ्या हातून?"

"मग माझा कागद कशाला होता?"

हे तिने भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि काकांनीही तितक्याच सरळपणे, समजूत घातल्यासारखं, उत्तर दिलं.

"कागद ऑफिसला लागतो गं, पोरी. प्रत्येक विहिरीला एक कागद लागतोच."

ती पलंगाच्या कडेवर बसली. समोर तिच्यासाठी शिवलेलं कापड घडी करून ठेवलेलं होतं. अकरा वर्षांत एकही विहीर तिच्या आकड्याने उतरली नव्हती. सगळ्या या एका माणसाच्या मनगटाने उतरल्या होत्या, आणि तो माणूस रोज संध्याकाळी तिला तिचाच आरसा आणून दाखवत होता, बघ, कशी छान दिसतेस. शत्रूने केलं असतं तर तिला राग धरून बसता आलं असतं. हा माणूस तिच्यावर माया करत होता, अजूनही करत होता, आणि मायेपोटीच त्याने तिला अकरा वर्षं खुळी ठेवली होती. त्याच्या लेखी ती कधी इंजिनिअर झालीच नव्हती. मासा वाढून गप्प बसवायची पोर, तेवढीच राहिली होती. दगा दगा म्हणतात तो एवढा हसऱ्या तोंडाचा असतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"सोमवारी काय होईल, काका?"

ते आता गंभीर झाले. "ते माझ्याही डोक्यात आहे. मी जातो सोमवारी. आपल्या उझोमासाहेबाला म्हणतो, शेवटचं एकदा ब्रेकवर उभं राहू दे म्हाताऱ्याला. नाही म्हणणार नाही तो. उतरवून देतो तुझी नळी. कुणाला काही कळायचं नाही."

"आणि त्याच्या पुढच्या विहिरीला?"

काकांनी टोपी सारखी केली. "आज नको, बेले. चौतीस वर्षं केलंय हे काम. आज माझा दिवस आहे. एवढं ठेव माझं."

मांडवात कुणीतरी म्हाताऱ्याने जमिनीवर दारूची धार धरून पूर्वजांना हाक घातली आणि समारंभ सुरू झाला. बेलेमा ते कापड न नेसताच बाहेर आली. उझोमा, सगळ्या रिगचा साहेब, पुढच्या रांगेत ताट मांडीवर घेऊन बसला होता. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. काकांचं नाव घ्यायचं नाही हे तिने आतून येतानाच ठरवलं होतं. स्वतःची मान द्यायची आणि त्यांचा दिवस राखायचा. फसवली गेलेली माणसंसुद्धा अशी देवघेव करतात, त्याला काय म्हणावं.

"साहेब, सोमवारचं केसिंग थांबवा. माझा आकडा चुकलाय."

"मॅडम, शनिवारी तरी सोडा हो आम्हाला! आधी हे शंखांचं कालवण घ्या." मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "किती चुकलाय?"

"ते मला माहीत नाही. तो कधी बरोबर नव्हताच. चूक माझी आहे."

"तुमची एकटीची?"

"एकटीची."

उझोमाने घास तसाच हातात धरला. तो काही बोलणार तेवढ्यात माईक खरखरला. काका व्यासपीठावर उभे होते, भरजरी, घामाघूम. त्यांनी दोघांना बोलताना पाहिलं होतं. "मंडळी," ते म्हणाले, "भाषण मला येत नाही, पण ती बघा, समोर माझी लेक बसलीय. आज साहेबाचे कान भरतेय, तिला भीती वाटतेय, काका गेले आता कसं होणार! उझोमा, ऐक माझं. चौतीस वर्षं मी काटा बघितलाय. या मुलीच्या रेषेवरून माझा काटा एकदाही हलला नाही. लिहून घे. ओपुबो सांगतोय!" टाळ्यांचा गजर झाला. बायकांनी उठून ताल धरला. उझोमाचा चेहरा सैलावला. घास तोंडात गेला. "बघितलंत?" तो चावता चावता म्हणाला. "उगाच घाबरवता मॅडम तुम्ही. सोमवारी सहाला सुरू करू."

काका तिच्याकडे बघून हसत होते. तेच हसू, ताटात मासा टाकतानाचं. आपण तिला पुन्हा एकदा वाचवलं, असंच त्यांना वाटत होतं, आणि ते खरंच वाटत होतं, हे तिला दिसत होतं. हे इथून पुढे असंच चालणार. ऑफिससाठी कागद, तिच्यासाठी टाळ्या, आणि सोमवारी मनोऱ्याखाली सव्वीस माणसं. बेलेमा उठली. सूत्रसंचालकाला वाटलं ती बोलायला येतेय, त्याने वाट करून दिली, आणि काकांनी मोठ्या कौतुकाने स्वतः माईक तिच्या हातात ठेवला.

"काकांनी मला त्यांच्या ताटातलं खायला दिलं आहे," ती म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा आला. "म्हणून हे बोलायला मला फार जड जातंय. उझोमासाहेब, काकांनी तो काटा माझ्यासाठी कधी बघितलाच नाही. ठिपके त्यांनी माझ्या कागदावरूनच उतरवले. अकरा वर्षं. पहिल्या विहिरीत माझा हिशेब चुकला होता आणि त्यांचे ठिपकेही तितकेच चुकले आहेत, पहिल्या नि दुसऱ्या विहिरीच्या फाइली ऑफिसात आहेत, बघून घ्या. आमच्याकडे खरा आकडा नाही. सोमवारी नळी सोडू नका."

संगीत कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. मांडवामागे जनरेटर तेवढा चालू राहिला. उझोमाने ताट खुर्चीखाली ठेवलं, बोटं पुसली आणि फोन काढून तो रस्त्याच्या दिशेने चालत गेला. "थांबवा ते, हो, सगळं थांबवा," असं तो म्हणत असल्याचं सगळ्यांनी ऐकलं. काका जिथल्या तिथे उभे होते. त्यांना राग आलेला नव्हता. भर गर्दीत कुणीतरी आपल्या अंगावरचं कापड ओढून नेलं आणि ते आपल्याच माणसाने नेलं, याचं साधं आश्चर्य त्यांच्या तोंडावर होतं.

"माझ्या दारात, बेले?" ते एवढंच म्हणाले. मग माईकशिवायच, घरच्या माणसाला म्हणावं तसं, "बस. जेवल्याशिवाय जाऊ नकोस."

ती बसली. उठून जाणं जास्त सोपं होतं म्हणूनच बहुधा बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. बऱ्याच वेळाने काकू ताट घेऊन आली. पाव्हण्याला द्यावं तसं दोन्ही हातांनी दिलं, वर स्वच्छ रुमाल, बाजूला पाण्याची बाटली. अकरा वर्षांत या घरात बेलेमाने स्वतः आत जाऊन पातेल्यातून वाढून घेतलं होतं. काकूचे डोळे सुजलेले होते, पण आवाज अगदी मऊ होता.

"आणखी काही लागलं तर सांगा हं," ती म्हणाली, "मॅडम."